दोन धारा, एक टोक

उधन्याहून जळगावकडे जाणारी रेल्वे डिंडोलीच्या बाजूने पूर्वेकडे निघते आणि बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर गाठते. याच वाटेने खानदेशातली माणसे सुरतेच्या लूमच्या कारखान्यांत कामाला आली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात वसली. इथल्या गल्लीत गुजरातीबरोबर मराठी आणि अहिराणीही सारखी कानावर पडते. लूम दुरुस्त करणारे मास्तर, खिडकीच्या जाळ्या आणि जिन्याचे कठडे बनवणारे फॅब्रिकेशनवाले, एम्ब्रॉयडरी मशीनचे मेकॅनिक, पाण्याच्या टाकीचे स्टँड जोडणारे वेल्डर अशा कितीतरी जणांचे अर्धे दुकान घरीच असते. अरुंद रो-हाउसचा पुढचा भाग, भिंतीला टेकवलेले बाक, त्यावर वाईस, कुठे कुठे शेजारी बेंच ग्राइंडर. आणि बाकाखाली कुठेतरी बोथट ड्रिलांनी भरलेला एक डबा. हे प्रकरण त्या डब्याविषयी आहे.

डबा ओतून पाहिला की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. आतली ड्रिले कापून कापून झिजलेली नसतात, बहुतेक जळलेली असतात. टोकाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर निळा-काळा डाग, कोपरा गोल झालेला, आणि मधला भाग मात्र जवळजवळ नवाच. असे का होते ते समजायला वेगाकडे पाहावे लागते. ड्रिलचा मध्यबिंदू जागच्या जागी फिरतो. बाहेरचा कोपरा प्रत्येक फेऱ्याला पूर्ण परीघ धावतो. १० मिमीच्या ड्रिलमध्ये हे अंतर ३१ मिमीहून थोडे जास्त भरते. फेरे वाढवले की आधी तो कोपरा तापतो, आणि आधी मरतोही तोच.

हिशेब सोपा आहे. हायस्पीड स्टीलच्या ड्रिलने साधे लोखंड कापताना कोपऱ्याचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास असावा. स्टेनलेसला १० ते १२ मीटर पुरे. या वेगाला ३१८ ने गुणायचे आणि ड्रिलच्या व्यासाच्या मिलिमीटरने भागायचे, की मिनिटाचे फेरे मिळतात. ६ मिमीच्या ड्रिलला लोखंडात साधारण १,३००, स्टेनलेसमध्ये फार तर ६०० च्या थोडे पुढे. आता घरोघरी असलेले हातातले इम्पॅक्ट ड्रिल मशीन बघा. ट्रिगर पूर्ण दाबला की रिकामे मशीन २,८०० च्या घरात फेरे घेते. म्हणजे ६ मिमीचा कोपरा मिनिटाला जवळजवळ ५३ मीटर पळतो. लोखंडाला हे दुप्पट झाले आणि स्टेनलेसला चारपटींहून जास्त.

स्टेनलेसची आणखी एक खोड आहे. कठड्यांसाठी वापरतात त्या ३०४ जातीच्या पत्र्यातून किंवा पाइपातून उष्णता फार हळू पसरते, साध्या लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश. कापताना तयार झालेली उष्णता पाइपात निघून जात नाही, ड्रिलच्या टोकावर साचते. त्यातच हा धातू नुसता घासला की कडक होतो. ड्रिल एकदा कापायचे सोडून घासायला लागले की भोकाच्या तळाशी आरशासारखा चकचकीत, टणक थर तयार होतो. मग कारागीर आणखी जोर लावतो, ड्रिल किंचाळते, धूर निघतो, आणि डब्यात एकाची भर पडते. त्यामुळे धार लावायला शिकण्याआधी ट्रिगर अर्धा दाबायला शिकावे, तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि ड्रिल सतत कापत राहील एवढा दाब ठेवावा, असे माझे मत आहे. स्टेनलेसवर ड्रिलला उगाच फिरू देणे हा सर्वांत महागडा आळस.

आता टोक पाहू. एखादे १० किंवा १२ मिमीचे नवे ड्रिल घ्या आणि टोक डोळ्यांसमोर धरा. दोन कापणाऱ्या कडा दिसतील. कारखान्यात त्यांना लिप म्हणतात. प्रत्येक लिपच्या मागे एक उतरती पाठ असते आणि पाठीचा शेवट म्हणजे टाच. दोन्ही पाठी मधोमध भिडतात तिथे एक छोटी तिरकी रेघ उमटते, ती चिझल एज. दोन लिपांमधला कोन नेहमीच्या ड्रिलला ११८ अंश असतो, म्हणजे अक्षाच्या दोन्ही बाजूंना ५९. या आकड्यात गूढ काही नाही. ड्रिलच्या पिळाची खोबण अशा बेताने कोरलेली असते की याच कोनाला लिप सरळ रेषेत येते. कोन फार बदलला तर लिप आत किंवा बाहेर वाकते.

सर्वांत जास्त चुका पाठीच्या उतारात होतात, म्हणून तिथे जरा थांबू. ड्रिल फिरता फिरता खालीही उतरत असते. समजा एका फेऱ्याला ते ०.२ मिमी खाली जाते. बाहेरचा कोपरा ३१.४ मिमी चालून ०.२ मिमी उतरला, तर त्या वाटेचा उतार अर्ध्या अंशाहूनही कमी. पण मध्यापासून पाऊण मिलिमीटरवरचा बिंदू फक्त ४.७ मिमी चालतो आणि तेवढाच ०.२ मिमी उतरतो. त्याच्या वाटेचा उतार सुमारे अडीच अंश झाला. म्हणजे टोकाच्या मध्याकडे जावे तशी वाट जास्त तिरपी होत जाते, आणि पाठीने त्या वाटेपेक्षा जास्तच उतरायला हवे. तसे नसेल तर लिप धातूला टेकायच्या आत टाच टेकते. मग जगातली सगळी ताकद लावली तरी ड्रिल कापत नाही, कारण कापणारी कड धातूपर्यंत पोचलेलीच नसते. हाताने घासताना बाहेरच्या कोपऱ्यावर ८ ते १२ अंशांचा उतार ठेवतात, तो या हिशेबावर भरपूर माया ठेवूनच. माया किती ठेवायची यालाही मर्यादा आहे: १५-२० अंशांकडे गेलात तर लिपच्या मागे आधार उरत नाही, ड्रिल थरथरते आणि कोपरे तुटतात.

मधली चिझल एज हे या हत्याराचे मोठे न्यून. ती कापत नाही. धातूला चेपून बाजूला सारते. ड्रिलला लागणाऱ्या दाबातला मोठा वाटा या चिमुकल्या रेघेलाच जातो. म्हणून मोठे भोक पाडायच्या आधी बारीक ड्रिलने वाट करून घेतात. बारीक भोकात चिझल एजला काही कामच उरत नाही. शिवाय ड्रिलच्या मधला गाभा टोकाकडे बारीक आणि शँककडे, म्हणजे मशीनमध्ये पकडायच्या दांड्याकडे, जाड होत जातो. ड्रिल वर्षानुवर्षे घासून आखूड झाले की ही रेघ रुंद होते आणि नीट धार लावलेले ड्रिलही जड चालते. तेव्हा चाकाच्या कोपऱ्यावर धरून खोबणीच्या बाजूने गाभा थोडा पातळ करावा लागतो, दोन्हीकडून सारखाच.

हे हत्यार आले कुठून, याची गोष्ट डिंडोलीपासून फार लांब जात नाही. सुरतेच्या उत्तरेला भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या खाणी आहेत. तिथला अकीक खंबातला जातो आणि त्याचे मणी होतात. खंबातचे कारागीर धनुकलीने फिरणाऱ्या ज्या काडीने मण्याला भोक पाडतात, तिच्या टोकाला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. हडप्पा संस्कृतीच्या कारागिरांकडे हिरा नव्हता. त्यांनी एका अतिकठीण दगडाची दंडगोल ड्रिले बनवली. धोलावीरा आणि चन्हुदडो इथे ती सापडली आहेत. चन्हुदडोचे उत्खनन अर्नेस्ट मॅके यांनी १९३५-३६ मध्ये केले, म्हणून पुढे या दगडाला अर्नेस्टाइट हे नाव मिळाले. प्रयोग करून पाहणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना अशा ड्रिलने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर खोल जाता आले. सहा सेंटिमीटर लांब मण्याला याच हिशेबाने चोवीस तास लागतात. अकीक विंधणाऱ्यांना कोपऱ्याच्या वेगाची चिंता नव्हती एवढे खरे.

लोखंडात भोक पाडायला एकोणिसाव्या शतकापर्यंत लोहार सळईचे टोक चपटे ठोकून भाल्यासारखे करत. असे चपटे ड्रिल कापते, पण कापलेला कीस वर आणत नाही. दर थोड्या वेळाने ते बाहेर काढून भोक साफ करावे लागते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन मोर्स यांनी गोल सळईच्या दोन्ही बाजूंना खाचा पाडल्या आणि मग सळई पिळली. खाचांतून कीस आपोआप वर सरकू लागला. १८६३ साली त्यांना पेटंट मिळाले, १८६४ साली न्यू बेडफर्डला कंपनी निघाली. ड्रिल मशीनच्या स्पिंडलमधला निमुळता मोर्स टेपर याच मोर्सांचा. याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि बंदुकांच्या भागांत बारीक भोके पाडायला पीळदार ड्रिले हवी होती. त्यांच्या खोबणी हाताने कानसून काढणे फार वेळखाऊ, म्हणून जोसेफ ब्राउन यांनी १८६२ साली एक यंत्र बनवले. तेच पहिले युनिव्हर्सल मिलिंग मशीन. आजच्या यंत्रशाळेत ते सर्वत्र दिसते, पण त्याचा जन्म ड्रिलच्या खोबणीसाठी झाला.

त्या काळची ड्रिले कार्बन स्टीलची होती आणि उष्णतेत त्यांचा कडकपणा लवकर जात असे. दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे ती नरम पडू लागत. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टीलमध्ये पोलादाला अतिशय जास्त तापमानापर्यंत नेऊन कडक करण्याची पद्धत शोधली, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या पोलादाचे हत्यार टोक लाल होऊनही कापताना लोकांनी पाहिले. कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारे टेलर ते हेच. यातून हायस्पीड स्टील आले. आज सर्वांत जास्त चालणाऱ्या एम-२ जातीत सुमारे ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम असते आणि ते साडेपाचशे अंशांपर्यंत कडकपणा धरून ठेवते. भारतात अशी ड्रिले बनवणाऱ्या नामांकित कारखान्यांपैकी मिरांडा टूल्स अंकलेश्वरला आहे, म्हणजे रतनपूरच्या खाणी आहेत त्याच भरूच जिल्ह्यात.

पोलादातला हा फरक ग्राइंडरवर उभे राहताना उपयोगी पडतो. हायस्पीड स्टीलचे टोक ग्राइंडरवर निळे झाले म्हणून ड्रिल बाद होत नाही. निळा रंग तीनशे अंशांच्या आसपास येतो आणि हे पोलाद त्याहून खूप पुढे टिकते. कार्बन स्टीलचे स्वस्त ड्रिल मात्र निळे झाले की संपले. तेवढा भाग घासूनच काढावा लागतो. आणि लालबुंद तापलेले टोक थंड पाण्यात बुडवू नका, मग ते कुठल्याही पोलादाचे असो. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात आणि पुढच्या वापरात लिपचा तुकडा उडतो. हलका हात ठेवला आणि बोटांना चटका बसायच्या आत पाण्यात टेकवले, तर हा प्रश्नच येत नाही.

ग्राइंडरचे चाक राखाडी किंवा पांढरे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असावे. ६० किंवा ८० नंबरचा दाणा ड्रिलला बरा. आपल्याकडे अशी चाके पहिल्यांदा बनवण्याचे श्रेय १९४१ साली उरणजवळच्या मोरा इथे सुरू झालेल्या ग्राइंडवेल कारखान्याला देतात. चाक बसवण्याआधी ते बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहा: खणखणीत वाजले तर शाबूत, भद्द वाजले तर तडकलेले. तडकलेले चाक बसवू नका. १५० मिमीचे चाक २,८५० फेऱ्यांना काठावर सेकंदाला २२ मीटर पळत असते, आणि फुटले तर त्याचे तुकडेही त्याच वेगाने सुटतात. टूल रेस्ट, म्हणजे चाकासमोरची टेकणी, आणि चाक यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त फट नको. जास्त असली तर ड्रिल आत ओढले जाते, मागोमाग बोटही. चाकाचा चेहरा सपाट नसेल, मधे खड्डा पडला असेल, तर ड्रेसरने आधी तो सपाट करा. खड्ड्यात सरळ लिप घासता येत नाही. कितीतरी लोकांचे ड्रिल बिघडते ते हातामुळे नाही, या खड्ड्यामुळे.

गळ्यातला गमछा काढून ठेवा, हातमोजे घालू नका, चष्मा घाला.

पहिला सराव मशीन बंद ठेवून करावा आणि तो नव्या ड्रिलवर करावा. नव्या ड्रिलची पाठ चाकाला टेकवून पाहिली की बरोबर हालचाल कशी असते ते हाताला कळते. उजव्या हाताच्या बोटांनी ड्रिल टोकाजवळ धरायचे आणि तो हात टूल रेस्टवर टेकवायचा, हीच खुंटी. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत शँक. ड्रिलचा अक्ष चाकाच्या चेहऱ्याशी ५९ अंशांत हवा. टूल रेस्टवर खडूने किंवा स्क्राइबरने या कोनाची एक रेघ आखून ठेवली की काम निम्मे होते. आता ड्रिल बोटांत एवढे वळवा की वरची लिप आडवी, जमिनीला समांतर येईल. लिप चाकाला हलकेच टेकवा आणि शँकचा हात सावकाश खाली न्या, किंचित डावीकडे. त्याच वेळी दोन्ही हात जरासे पुढे सरकू द्या, म्हणजे टाचेपर्यंत घासले जाईल. काही जण या वेळी ड्रिल बोटांत फिरवतातही. मला ते नवशिक्याला सांगावेसे वाटत नाही: ड्रिल जास्त फिरले की समोरची लिप चाकावर येते आणि बनवलेली धार एका क्षणात जाते. खाली, थोडे डावीकडे, थोडे पुढे एवढी हालचाल जमली तर फिरवायची गरज पडत नाही.

चाक चालू केल्यावर दाब जवळजवळ देऊच नका. एका लिपवर तीन-चार हलके घास, मग बोटांत ड्रिल अर्धा फेरा वळवून दुसऱ्या लिपवर तेवढेच. यात एक गोष्ट कोणी सांगत नाही: पाय हलवायचे नाहीत. शरीर, कोपर, टूल रेस्टवरचा हात जिथे होता तिथेच राहिला, तर दुसऱ्या लिपला तोच कोन आपोआप मिळतो. ड्रिल वळते, माणूस वळत नाही. ज्यांचे कोन दर वेळी वेगळे येतात ते मधे तपासायला दिव्याकडे जातात आणि परत येऊन वेगळ्या जागी उभे राहतात. पाठीला मार्करची शाई फासून घेतली तर चाक नेमके कुठे लागते तेही दिसते. शाई टाचेजवळ राहिली आणि लिपवरची गेली तर उतार होत नाही, लिपवरची राहिली तर धार अजून आलेलीच नाही.

कोन मोजायला विकतचा गेज हवाच असे नाही. सारख्या मापाचे दोन षटकोनी नट सपाट बाजूला बाजू लावून ठेवले की त्यांच्या मधल्या खाचेत बरोबर १२० अंशांचा कोन तयार होतो. ११८ चे ड्रिल त्यात उजेडाकडे धरून पाहिले की दोन्ही बाजूंची फट सारखी आहे की नाही ते दिसते, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. कोन ११८ ऐवजी ११५ किंवा १२१ झाला तर घरच्या कामात काही बिघडत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या झाल्या तर सगळे बिघडते. एक लिप लांब, एक आखूड झाली की टोकाचा मध्य सरकतो, आणि सरकला त्याच्या साधारण दुप्पट भोक मोठे होते. मध्य पाव मिलिमीटर हलला तर ६ मिमीच्या बोल्टसाठी पाडलेले भोक साडेसहाचे निघते. लूमच्या फ्रेममध्ये असा बोल्ट महिनाभरात खुळखुळायला लागतो आणि दोष मात्र बोल्टला मिळतो.

चिझल एजही बरेच सांगते. ती लिपशी १२० ते १३५ अंशांच्या तिरक्या कोनात दिसली तर पाठीचा उतार ठीक. लिपशी जवळजवळ काटकोनात उभी दिसली तर उतार कमी पडला आहे, पुन्हा चाकावर. शेवटची परीक्षा भंगारातल्या लोखंडी पट्टीवर घ्यायची. दोन्ही खोबणींतून सारख्या जाडीचे, लांब वळलेले कीस निघाले तर काम झाले. एकाच खोबणीतून कीस येतो आणि दुसरी कोरडी राहते तेव्हा एकटी लिप सगळे ओझे वाहते आहे. किसाऐवजी भुकटी आली तर ड्रिल कापत नाही, घासते आहे. कडेचे कोपरे लगेच उडाले तर उतार जास्त झाला. ड्रिल मधोमध उभे चिरले तर बहुधा उतार फारच कमी होता आणि तुम्ही जोराने दाबलेत. घरात सूक्ष्मदर्शक नाही म्हणून काही अडत नाही, किसाकडे नीट पाहिले की पुरते.

वेगवेगळ्या धातूंना थोडी वेगळी धार लागते. स्टेनलेसला १३५ अंशांचे चपटे टोक आणि पातळ केलेला गाभा बरा पडतो. ड्रिल भटकत नाही आणि दाबही कमी लागतो. पितळ याच्या उलट वागते. पितळी बुशात साधे ड्रिल घातले की पिळाची तीक्ष्ण लिप धातूत रुतते, जॉब वर उचलला जातो आणि कधी कधी हातातून सुटतो. यासाठी लिपच्या तोंडावर, खोबणीच्या बाजूने, तेलाच्या दगडाने एक अगदी बारीक सपाट पट्टी घासून लिपचा तीक्ष्णपणा मारतात. नवख्याला वाटते की ही धार बिघडवली. पितळेसाठी ती तशीच हवी. लाकडाची काटेदार टोकाची ड्रिले ग्राइंडरवर नेऊच नयेत, ती बारीक कानशीने आतून घासावीत.

भिंतीत भोक पाडायच्या ड्रिलची गोष्ट निराळी. त्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा ब्रेझिंगने बसवलेला असतो. क्रुप कंपनीने १९२६ साली हा पदार्थ विडिया या नावाने बाजारात आणला आणि आपल्याकडे कारखान्यात आजही त्याला विडियाच म्हणतात. राखाडी चाकावर विडिया घासला तर चाक झिजते, विडिया नाही. मऊ पोलादी शँक मात्र आजूबाजूने खाल्ली जाते. त्याला हिरवे सिलिकॉन कार्बाइडचे चाक किंवा हिऱ्याचे चाक लागते. ज्या शहरात वराछा-कतारगामच्या घंटी नावाच्या चाकांवर हिऱ्याच्या भुकटीने हिरे घासले जातात, तिथे हिऱ्याचे चाक ही काही नवलाची वस्तू नाही. तरीही घरच्या कामासाठी माझा सल्ला सरळ आहे: स्वस्त विडिया ड्रिल घासत बसू नका, नवे घ्या. हिरवे चाक लगेच झिजते, त्याची आणि कार्बाइडची बारीक धूळ छातीत जाते, आणि एवढे करून आलेली धार भिंतीच्या ठोक्यांत फार टिकतही नाही.

डिंडोलीच्या बऱ्याच गाळ्यांत एक सोपा मार्ग दिसतो. बेंच ग्राइंडर नसतो, म्हणून चार इंची अँगल ग्राइंडर वाईसमध्ये किंवा गुडघ्याखाली धरून त्याच्या डिस्कवर ड्रिल घासतात. सरावलेला हात यातूनही कामचलाऊ धार काढतो, हे नाकारता येत नाही. पण १०० मिमीची डिस्क ११,००० फेऱ्यांना काठावर सेकंदाला ५७ मीटर पळते, बेंच ग्राइंडरच्या अडीचपट, आणि तिला टूल रेस्ट नसतो. कापायच्या पातळ डिस्कच्या बाजूवर ड्रिल टेकवणे तर कधीच करू नये. ती डिस्क आडवा दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नसते आणि फुटली तर समोर चेहरा असतो. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे ड्रिल-शार्पनर याहून सुरक्षित आहेत, पण त्यांच्यातले छोटे चाक लवकर झिजते आणि मग कोन हळूहळू बदलत जातो. बेंच ग्राइंडरला जोडायचा लोखंडी जिग मात्र चांगला. महिन्याला बरीच ड्रिले घासणाऱ्याने घ्यावा. महिन्यात चार-पाच ड्रिले लागणाऱ्याला हाताची सवय त्यापेक्षा लवकर लागते.

सगळी ड्रिले वाचवण्याच्या मागे लागू नका. ३ मिमीपेक्षा बारीक ड्रिल हाताने नीट घासले जात नाही आणि ते स्वस्तही असते. तुटले-बोथटले की टाकून द्या. ज्याच्या कडेची उभी पट्टी टोकापासून बरीच वरपर्यंत झिजली आहे, ते टोक कितीही धारदार केले तरी भोकात अडकते. अशा ड्रिलचा झिजलेला भाग पूर्ण कापून मगच नवे टोक करा, नाहीतर सोडून द्या. सोनेरी मुलाम्याचे ड्रिल घासले की पाठीवरचा मुलामा जातो, खोबणीतला राहतो आणि त्याचा फायदाही थोडाफार टिकतो. बाजारात मात्र नुसता सोनेरी रंग दिलेली ड्रिलेही भरपूर आहेत. कोबाल्टची एम-३५ जातीची ड्रिले थोडी महाग असली तरी स्टेनलेसचे काम रोज असणाऱ्याने तीच घ्यावीत आणि तीच घासून वापरावीत. त्यांच्यावर केलेली मेहनत फुकट जात नाही.

सुरुवात करायची तर डब्यातली ८ ते १२ मिमीची जळकी ड्रिले बाजूला काढा. त्यांची टोके मोठी असल्याने चूक डोळ्यांना दिसते, आणि ती आधीच निकामी असल्याने बिघडण्यासारखे काही उरलेले नसते. तेवढी नीट झाली की मगच ५-६ मिमीच्या ड्रिलांना हात घाला.